कारणे दाखवा

वक्तशीरपणात आपण जगाच्या मागे असू, पण उशिराची कारणं देण्यात आपला हात कोणी धरणार नाही. उशीर झाला म्हणून मराठी माणूस सहसा चिडत नाही. कारण दिलं नाही तर मात्र चिडतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी शिंप्याकडे जावं, आपलं कापड अजून आपल्याच पिशवीत घडी घातलेलं दिसावं, तरी तो "फक्त काजं-बटणं राहिलीत" म्हणाला की आपण समाधानाने परत फिरतो. शर्टाला अजून कात्री लागलेली नाही हे त्याला ठाऊक असतं, आपल्यालाही ठाऊक असतं. पण आपल्यासाठी त्याने खोटं बोलण्याची तसदी घेतली, यातच सगळा मान आला. सरकारनेही हे तत्त्व ओळखलेलं आहे. कर्मचारी रोज उशिरा येऊ लागला तर त्याला थेट शिक्षा होत नाही. आधी 'कारणे दाखवा' अशी नोटीस मिळते.

अशा संस्कारांत वाढलेल्या माझ्या भाच्याची गाठ ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या मूठभर माणसांशी पडली. त्यांनी साडेसहा वर्षं उशीर केला, याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्यांनी कारण दाखवलं नाही, याबद्दल होती.

या मंडळींचं नाव टीम चेरी. ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे दोघे प्रमुख, आणि बाकीची माणसं एका रिक्षात मावतील इतकी. २०१४ साली त्यांनी 'हॉलो नाइट' नावाच्या व्हिडिओ गेमसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढली. मागितले ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, जमले ५७ हजारांवर. वर्गणी जास्त जमली तर जास्तीचं काय काय देऊ, याची यादीही त्यांनी दिली होती. त्या यादीत 'खेळायला आणखी एक पात्र' असं एक निरुपद्रवी कलम होतं. पुढचं सगळं रामायण त्या एका कलमातून घडलं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये हॉलो नाइट आला. जमिनीखाली किड्यांचं एक उद्ध्वस्त राज्य, हाताने काढलेली देखणी चित्रं, ख्रिस्तोफर लार्किनचं जीव कातर करणारं संगीत, आणि या सगळ्यातून शस्त्र म्हणून चक्क खिळा घेऊन हिंडणारा एक मुका नायक. खेळताना मेलात की तुमचा पैसा तिथेच राहतो आणि तुमचंच भूत तो राखत बसतं. परत जाऊन स्वतःच्या भुताचा पराभव केला तरच पैसे परत. हा खेळ पुढे जगभरात दीड कोटी लोकांनी घेतला. भाच्याने तो संपवला, परत संपवला, आणि मग तो वर्गणीच्या यादीतल्या त्या पात्राची वाट बघू लागला.

ते पात्र म्हणजे हॉर्नेट. आपल्याकडच्या हिशोबाने गांधीलमाशी. अंगात लाल झगा, हातात लांबच लांब सुई आणि सुईत रेशमाचा दोरा. भाच्याने तिचं चित्र आजीला दाखवलं तेव्हा आजी म्हणाली, "सुई-दोरा हातात आहे, म्हणजे पोरगी कामाची दिसते." ही कामाची पोरगी हॉलो नाइटची मोफत पुरवणी म्हणून येणार होती. पण १४ फेब्रुवारी २०१९ रोजी टीम चेरीने जाहीर केलं की पुरवणी हाताबाहेर वाढली आहे, आता तिचा स्वतंत्र खेळच करतो, नाव 'सिल्कसाँग'. व्हॅलेंटाइन डेला दिलेली वचनं फारशी मनावर घ्यायची नसतात, हे कळण्याचं भाच्याचं वय नव्हतं. तो तेव्हा आठवीत होता.

सुरुवात तर झकास झाली. त्याच वर्षी जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात लोकांना सिल्कसाँग प्रत्यक्ष खेळायला मिळाला. खेळ आहे, चालतो आहे, गांधीलमाशी उड्या मारते आहे. आता काजं-बटणं तेवढी राहिली असणार, असा निष्कर्ष भाच्याने काढला आणि दिवाळीचा मुहूर्त धरला. दिवाळी गेली. नववी गेली. करोना आला. २०२० च्या डिसेंबरात 'एज' या ब्रिटिश मासिकाने मुखपृष्ठावर गांधीलमाशी छापली, आणि त्यानंतर ॲडलेडहून येणारा आवाज बंद झाला. इकडे २०२१ मध्ये महाराष्ट्रातली दहावीची परीक्षाच रद्द झाली. जगबुडी आली तरी दहावी टळत नाही, या श्रद्धेवर उभ्या असलेल्या आमच्या घराला तो धक्का सोसला नाही. भाचा शांत होता. म्हणाला, "मामा, बोर्डाने परीक्षा रद्द केली, पण तसं सांगितलं तरी. हे लोक सांगतही नाहीत."

नुसती शांतता पसरली की माणसं तिच्यात काय काय भरतात, हे त्या वर्षांत बघायला मिळालं. एका चाहत्याने यूट्यूबवर रोजची बातमीपत्रं सुरू केली. त्यातली बहुतेक सगळी एकाच आशयाची: आज सिल्कसाँगविषयी काही बातमी नाही. बातमी नाही ही बातमी तो नेमाने, न चुकता, वर्षानुवर्षं देत राहिला. निन्टेन्डो, सोनी, मायक्रोसॉफ्ट यांपैकी कुणाचाही नव्या खेळांचा कार्यक्रम असला की बाजूच्या खिडकीत हजारो लोक 'सिल्कसाँग?' असं विचारत बसायचे. कार्यक्रम संपायचा, ती काही यायची नाही, आणि मग हे लोक आपल्याच चित्रावर विदूषकाचं लाल नाक चिकटवून स्वतःची टर उडवायचे. भाच्याच्या फोनवरही काही काळ ते नाक होतं. मॅथ्यू ग्रिफिन नावाचे गृहस्थ टीम चेरीच्या प्रसिद्धीचं काम बघतात. त्या काळात पृथ्वीवरची सर्वांत निवांत नोकरी त्यांचीच असावी.

मग १२ जून २०२२ उजाडला. मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात, आपल्याकडच्या रात्री साडेदहाला, सिल्कसाँग खरोखरच अवतरला. शिवाय आज दाखवलेलं सगळं येत्या बारा महिन्यांत खेळायला मिळेल, असं आश्वासनही मिळालं. भाच्याने आनंदाने जी उडी मारली ती खालच्या मजल्यावर पोचली. त्याच्या आईने मात्र कॅलेंडर काढलं. ते बारा महिने म्हणजे नेमकं त्याचं बारावीचं वर्ष होतं. गेम परीक्षा होईपर्यंत येऊ देऊ नकोस, म्हणून ताईने देवाला साकडं घातलं.

देवाने ते जरा जास्तच मनावर घेतलं. मे २०२३ मध्ये ग्रिफिन यांनी जाहीर केलं की वर्षाच्या पहिल्या सहामाहीत खेळ आणायचा बेत होता, पण तो बराच मोठा झाला आहे आणि त्याला अजून वेळ हवा आहे. एवढ्या वर्षांत कारणाच्या जवळपास जाणारं हे पहिलं वाक्य. भाच्याने ते घरभर वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "वाढत्या अंगाचं काम आहे. वेळ लागायचाच."

पण एका कारणावर सव्वादोन वर्षं निघत नाहीत. नवीन कारण येईना, तेव्हा भाच्याने ती घरीच तयार करायला घेतली. पहिलं कारण, दोघांचं भांडण झालं. दुसरं, पैसा इतका मिळाला की ते एखाद्या बेटावर जाऊन राहिले. तिसरं, संगणक जळाला आणि सगळं परत पहिल्यापासून करताहेत. आजीला यातलं एकही पटलं नाही. "माणसं अशी एकदम बोलायची बंद होतात, म्हणजे घरात कुणाचं तरी दुखणं असतं," असं तिचं निदान. त्यानंतर संध्याकाळी दिवा लावला की ती ऑस्ट्रेलियातल्या त्या मुलांसाठी एक रामरक्षा जास्तीची म्हणू लागली.

जानेवारी २०२५ मध्ये तर कहर झाला. पेलन यांनी समाजमाध्यमावरचा आपला फोटो काढून तिथे एका केकचं चित्र लावलं आणि उद्या काहीतरी मोठं घडणार असल्याची एक गूढ ओळ लिहिली. एरवी एखाद्याने केकचा फोटो लावला तर लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन मोकळे होतात. इथे जगभरच्या मंडळींनी तो केक कुठला, कुणी भाजला, त्याची पाककृती कधी छापली याचा माग काढला. पाककृतीवर तारीख सापडली २ एप्रिल. निन्टेन्डोचा नव्या यंत्राचा कार्यक्रमही २ एप्रिललाच होता. बस, ठरलं! पुढे खुद्द ग्रिफिन यांनी सांगितलं की बाबांनो, त्या केकमध्ये काही नाही, पण खेळ खरा आहे, काम चालू आहे आणि तो येणार आहे. लोकांची निराशा झाली. भाच्याने पुन्हा लाल नाक चढवलं.

आणि २ एप्रिलला निन्टेन्डोच्या कार्यक्रमात सिल्कसाँग क्षणभर दिसला, खाली वर्ष लिहिलेलं: २०२५. वेडा तर्क खोटा ठरला की माणूस शहाणा होतो. तो खरा ठरला की मग त्या माणसाचं काही खरं नाही. त्यानंतर कित्येक दिवस भाचा घरातल्या प्रत्येक केकच्या खोक्यावरची तारीख वाचत असे.

अखेर २१ ऑगस्टला तारीख कळली: ४ सप्टेंबर. साडेसहा वर्षं ताटकळवून मंडळींनी दोन आठवड्यांची आगाऊ सूचना दिली. या सूचनेने सर्वांत जास्त धावपळ उडाली ती इतर छोट्या स्टुडिओंची. ज्यांचे खेळ त्याच सुमारास यायचे होते, त्यांनी सामानसुमान आवरून वाट मोकळी केली. 'बेबी स्टेप्स' पुढे सरकला, 'डेमनस्कूल' नोव्हेंबरवर गेला, 'एटेर्ना लुसिस' तर थेट पुढच्या वर्षात जाऊन बसला. गंमत अशी की या सगळ्यांनी पुढे जाण्याचं कारण खुलेपणाने सांगितलं: सिल्कसाँग येतोय. इतरांच्या उशिरालाही ज्याने कारण पुरवलं, त्याच्या स्वतःच्या उशिराला मात्र कारण नव्हतं.

ते तारीख कळली त्याच दिवशी मिळालं. 'ब्लूमबर्ग'मध्ये गिब्सन आणि पेलन यांची मुलाखत आली. भाच्याने ती उभ्यानेच वाचायला घेतली आणि मध्यावर पोचल्यावर तो खाली बसला. भांडण झालं नव्हतं. संगणक जळाला नव्हता. कुणाचं दुखणं नव्हतं. गाडं कुठे अडलंही नव्हतं. त्यांना मजा येत होती. नवी कल्पना सुचली की तिचं चित्र काढायचं, चित्र छान झालं की ते खेळात घालायचं, घातलं की त्यातून आणखी काही सुचायचं. गिब्सन यांना शेवटी ठरवून चित्रं काढणं थांबवावं लागलं. नाहीतर खेळाला आणखी कित्येक वर्षं लागली असती. आणि इतकी वर्षं गप्प का? तर 'अजून काम चालू आहे' एवढंच परत परत सांगून लोकांचा विरस कशाला करायचा, म्हणून.

"मजा येत होती?" भाचा म्हणाला. "मी बारावी केली, सीईटी दिली, इंजिनीअरिंगची दोन वर्षं काढली, आणि यांना मजा येत होती?"

आजी आतून बाहेर आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिच्या कपाळावरही आठी पडली. "म्हणजे धडधाकट होते?" ती म्हणाली. "अरे, रामरक्षा म्हणत होते मी त्यांच्यासाठी!"

खेळ येणार म्हटल्यावर घरात पेढे वाटायला हवे होते. त्याऐवजी दोन पिढ्या एकत्र बसून ॲडलेडच्या दोन सुखी माणसांवर रुसल्या होत्या. मला वाटतं, उशिराबाबतचा आपला खरा कायदा हा आहे. उशीर करणाऱ्याने कारण द्यावं ही झाली पहिली अट. पण ते कारण दुःखाचं असावं ही त्याहून मोठी. उशिरा येणाऱ्याने जिना धापा टाकत चढावा. चेहरा उतरलेला असावा, कपाळावर घाम असावा, आणि आल्याबरोबर "काय सांगू तुला" या शब्दांनी सुरुवात करावी. रमतगमत, वाटेत एक छान चहा पिऊन, हसतमुखाने उशिरा आलेल्या माणसाला आपण कधीच माफ करत नाही. त्याने आपला वेळ घेतला ही तक्रार नसते. तो वेळ त्याला गोड लागला, ही असते.

कलावंत झाला तरी सुटका नाही. 'फेझ' नावाचा खेळ २००७ मध्ये जाहीर झाला आणि २०१२ मध्ये आला. मधल्या काळातली त्याचा कर्ता फिल फिश याची घालमेल 'इंडी गेम: द मूव्ही' या माहितीपटात सगळ्यांनी पाहिली. असा उशीर लोकांना समजतो. तो माणूस आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत आहे, एवढी खात्री पटली की प्रेक्षक खुर्चीत जरा सैल बसतो.

अर्थात मजेत उशीर करायला गाठीशी पैसा लागतो, हेही खरं. टीम चेरीकडे पहिल्या खेळाचे पैसे होते, डोक्यावर कुठली कंपनी नव्हती. खेळात बॉसांची पलटण आणि कचेरीत बॉस एकही नाही, असा सगळा मामला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. आमच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' या खेळासाठी २०१७ साली किकस्टार्टरवरच हात पसरले. ठरलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की पूर्ण जमली नाही तर काहीच हाती पडत नाही. तरीही त्यांनी काम रेटलं आणि २०२० मध्ये खेळ बाजारात आणला. पैसा नसताना लागलेल्या उशिरात मजा किती आणि चिंता किती, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "राजीवाल्यांवर माझा राग नाहीच मामा. त्यांचं कारण किती चांगलं आहे."

४ सप्टेंबरला घरी गणपती होते. गौरी जाऊन दोन दिवस झाले होते आणि विसर्जनाला दोन दिवस होते. खेळ सुटण्याची वेळ आपल्याकडची संध्याकाळी साडेसात, म्हणजे बरोबर आरतीची. भाच्याच्या एका हातात झांज आणि दुसऱ्या हातात फोन, त्यामुळे झांज वाजण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी गुरुजींच्या नजरेने फोन खिशात गेला. आरती, मंत्रपुष्पांजली, प्रसाद एवढं उरकून तो संगणकाशी पोचला, तर दुकान बंद. साडेसहा वर्षं तुंबलेली माणसं एकाच वेळी दारात आल्याने स्टीम, निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशा सगळ्याच ऑनलाइन दुकानांची दारं अडली होती. पैसे द्यायला जावं तर पडद्यावर नुसती चूक झळकायची.

मला वाटलं, आता पोरगं रडणार. पण तो अगदी प्रसन्न होता. "सर्व्हर डाऊन आहे," त्याने समजावून सांगितलं. "लोड आलाय. होईल थोड्या वेळात." आणि मोदक खात स्वस्थ बसून राहिला. मला उलगडा झाला. कारण मिळालं होतं! आणि तेही दुःखाचं, सर्व्हरच्या हालअपेष्टांचं. या कारणावर तो आणखी महिनाभरही सहज थांबला असता.

खेळ रात्री सुरू झाला. यात्रेकरू किड्यांचं एक राज्य आहे, सगळे जीव मुठीत धरून एका उंच गडाकडे चढताहेत, आणि तिथलं चलन म्हणजे जपमाळेचे मणी. आजीने खुर्ची पुढे ओढून "कुठला देव आहे वर?" असं विचारलं. भाच्याकडे उत्तर द्यायला सवड नव्हती, कारण गांधीलमाशी दर मिनिटाला मरत होती. बसून दम खायला बाक आहेत, पण त्यांतल्या काहींवर टेकायलाही मणी मोजावे लागतात. ते मोजायचे तर आधी मिळवायला हवेत, आणि मिळवलेले मरताना सांडतात. थोड्याच दिवसांत जगभरातून ओरड सुरू झाली की खेळ फारच अवघड आहे. मग टीम चेरीने सुरुवातीच्या एक-दोन शत्रूंना जरा मवाळ केलं. ही दुरुस्ती मात्र त्यांनी काही दिवसांतच पाठवली. तिथे बहुधा मजा येत नसावी.

भाचा अजून खेळतो आहे. पण त्याच्यावर खरा परिणाम झाला तो त्या मुलाखतीचा. तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टमध्ये त्याला झाडांना आपोआप पाणी घालणारं एक यंत्र करायचं होतं. मातीतला ओलावा मोजायचा आणि पंप सुरू करायचा, इतकंच. मग त्याने त्याला पडदा जोडला. मग पावसाचा अंदाज बघून पाणी कमी करायची सोय केली. मग झाड खूश असलं की यंत्राने शीळ घालावी असं त्याला वाटलं. रात्र रात्र जागून तो हे करत होता आणि तोंडावर असं तेज, की आजीने दृष्ट काढली. सबमिशनची तारीख केव्हाच उलटून गेली.

मॅडमनी बोलावून विचारलं, "उशीर का झाला?"

भाचा ॲडलेडच्या परंपरेला जागला. म्हणाला, "मॅडम, मजा येत होती. त्यामुळे वाढत गेलं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मजा हे कारण त्यांच्या छापील फॉर्मवर नव्हतं. तिथे आजारपण, घरातलं निधन आणि खेळाच्या स्पर्धा असे तीनच रकाने होते. त्यांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मेडिकल सर्टिफिकेट आण."

तो आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, "नक्की काय होतंय?"

त्याने शीळ घालणाऱ्या यंत्रापासून सगळं सांगितलं. मग डॉक्टरांनी यंत्र बघायला मागितलं, तेव्हा त्याने सॅकमधून तेही काढून दाखवलं. बाहेर पेशंट ताटकळले होते. आत अर्धा तास यंत्र दवाखान्यातल्या तुळशीच्या कुंडीत खुपसून दोघं शीळ ऐकत होते. शेवटी कंपाउंडरने दार ठोठावलं, तेव्हा डॉक्टरांनी लगबगीने पॅड ओढलं आणि लिहिलं: व्हायरल. मग दार किलकिलं करून बाहेरच्या पेशंटांना चेहरा पाडून म्हणाले, "काय सांगू तुम्हाला, इमर्जन्सी होती."